पाहुण्यांवरची जकात

फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये डिस्नीची स्वतःची टाइमशेअर रिसॉर्ट आहेत. १९९१पासून ती चालू आहेत आणि अमेरिकेतल्या टाइमशेअरवाल्यांत तिथला मुक्काम मोठ्या मानाचा समजला जातो. २००९ ते २०२१ या काळात डिस्नीचा करार ‘आरसीआय’ या अदलाबदल कंपनीशी होता. आपला दुसरीकडचा आठवडा देऊन या वाटेने डिस्नीत येणाऱ्या कुटुंबाला ९५ डॉलर जादा भरावे लागत. शेजारच्या खोलीत उतरलेल्या डिस्नीच्या सभासदाला मात्र ते लागत नसत. पलंग तेच, पोहण्याचा तलाव तोच, बसही तीच. एक घरचा आणि दुसरा बाहेरचा, एवढाच काय तो फरक.

डिस्नीला जाऊन आलेल्या माणसाला ९५ डॉलरचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. तिथले आइस्क्रीमचे भाव पाहिलेल्याने तर नक्कीच म्हणावे. पण या रकमेमागचा हिशेब मजेदार आहे, आणि तो एकट्या डिस्नीचा नाही. लास व्हेगास, हवाई, मेक्सिको, कॅरिबियन बेटे अशा ठिकाणच्या कितीतरी रिसॉर्टांत अदलाबदलीने आलेल्या पाहुण्यासमोर चेक-इनच्या काउंटरवर असला कागद सरकवला जातो. कुठे त्याला रिसॉर्ट फी म्हणतात, कुठे सुविधा शुल्क, कुठे ऊर्जा आकार. मुळात तो कुणाच्या खर्चाचा आहे, हे कळायला हा धंदा चालतो कसा ते आधी पाहिले पाहिजे.

टाइमशेअरची कल्पना युरोपातली, १९६०च्या दशकातली. स्वित्झर्लंडमधली ‘हापिमाग’ ही संस्था १९६३ची. सुट्टीच्या गावी अख्खे घर घेऊन ते वर्षातले अकरा महिने कुलूपबंद ठेवण्यापेक्षा बावन्न आठवड्यांचे बावन्न वाटेकरी करावेत, आपला आठवडा आपण वापरावा आणि घर चालवायचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, असा सरळ विचार. हा वाटून घ्यायचा खर्च म्हणजे देखभाल शुल्क. माळी, रंगरंगोटी, वीज, विमा, तलावाचे पाणी, काउंटरवरच्या माणसाचा पगार, सगळे त्यात येते. तुम्ही त्या वर्षी जा किंवा जाऊ नका, बिल येतेच. अमेरिकेत एका आठवड्यामागे ते आज सहज हजार डॉलरच्या घरात जाते.

अडचण अशी की माणसाला दरवर्षी त्याच गावी, त्याच खिडकीतून तोच समुद्र पाहायचा कंटाळा येतो. त्यावर १९७४ साली इंडियानापोलिसच्या डिहान दांपत्याने तोड काढली आणि आरसीआय उभी राहिली. दोन वर्षांनी मायामीत ‘इंटरव्हल इंटरनॅशनल’ आली. या दोन कंपन्या म्हणजे आठवड्यांची पेढी. तुम्ही तुमचा आठवडा तिथे जमा करायचा. हंगाम, गाव, खोलीचा आकार आणि मागणी पाहून त्याला एक वजन मिळते आणि त्या वजनात बसेल असा दुसऱ्या कुणाचा तरी आठवडा तुम्हाला उचलता येतो. कंपनीला वार्षिक वर्गणी द्यायची आणि दर अदलाबदलीला दोनशे-तीनशे डॉलर वेगळे.

आता न्यू जर्सीतल्या एका मराठी घराचा आठवडा व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला आहे असे समजू. त्यांनी तो जमा केला आणि ऑर्लँडोचा घेतला. ऑर्लँडोचा तो आठवडा ज्याचा होता, त्याने त्या वर्षाचे देखभाल शुल्क आपल्या रिसॉर्टला भरलेले आहे. नाहीतर त्याला तो जमाच करता आला नसता. न्यू जर्सीकरांनीही विल्यम्सबर्गला स्वतःचे भरलेले आहे. म्हणजे ऑर्लँडोच्या रिसॉर्टच्या वहीत त्या खोलीचे त्या आठवड्याचे पैसे पूर्ण जमा आहेत. मूळ मालक येऊन राहिला असता तर त्यानेही तलावात डुबकी मारली असती, वाय-फाय वापरले असते, गाडी उभी केली असती आणि जादा एक डॉलरही दिला नसता. त्याच्या जागी दुसरे कुटुंब आले, बाकी काही बदलले नाही. मग रात्रीमागे वीस-पंचवीस डॉलर कशाचे?

रिसॉर्टवाल्यांकडे याची उत्तरे आहेत आणि सगळीच टाकाऊ नाहीत. एक म्हणजे अदलाबदलीचे शुल्क कंपनी खाते, त्यातला एक पैसा रिसॉर्टला मिळत नाही. दुसरे, बाहेरून आलेला पाहुणा आयुष्यात एकदाच येतो, त्यामुळे सगळे काही वापरून घेतो. दरवर्षी येणारा मालक तेवढे वापरत नाही आणि घर आपले म्हणून जपतोही. या दुसऱ्या मुद्द्याला आधार काय, हे मी अजून कुणाकडून धड ऐकलेले नाही. आपल्याच वर्गाला सभ्य ठरवणारी समजूत कुठल्याही वस्तीत सापडते. तिसरे उत्तर सहसा उघड दिले जात नाही, पण खरे तेच आहे. बाहेरच्यांकडून चार पैसे घेतले की घरच्यांचे देखभाल शुल्क तेवढे कमी वाढते.

गोम तिथेच आहे. पुष्कळ अमेरिकी रिसॉर्टांत देखभाल शुल्क ठरवते ती मालकांची संघटना. तिचे संचालक मंडळ मालकांच्या मतांवर निवडून येते. देखभाल शुल्क शंभर डॉलरने वाढवले तर पुढच्या सभेत संचालकांना शिव्या खाव्या लागतात. अदलाबदलीच्या पाहुण्यांवर तेवढेच शुल्क बसवले तर सभेत टाळ्या पडतात. ज्याला पैसे भरायचे आहेत त्याला मत नाही आणि ज्याला मत आहे त्याला भरायचे नाहीत. आपल्याकडच्या जकातीचे तंत्र याहून वेगळे नव्हते. मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर थांबणारा ट्रक बाहेरगावचा असायचा आणि महापालिकेचा मतदार आतल्या बाजूला असायचा, म्हणून राज्यातल्या काही मोठ्या महापालिकांत २०१३पर्यंत आणि मुंबईत थेट २०१७च्या जीएसटीपर्यंत जकात टिकली. आतल्या माणसाला वाटायचे की जकात परका भरतो. प्रत्येक गावाने नाका उभारला की आपलाच माल दुसऱ्याच्या नाक्यावर अडतो, हे त्याला बाजारभावात दिसायचे, पण नाक्याशी त्याचा संबंध लागायचा नाही.

टाइमशेअरमध्ये हा संबंध फार जवळचा आहे. ऑर्लँडोच्या सभेत ज्याने टाळी वाजवली, त्यानेच आपला आठवडा जमा केलेला आहे आणि उन्हाळ्यात तो हवाईच्या काउंटरवर पाहुणा म्हणून उभा राहणार आहे. सगळ्या रिसॉर्टांनी एकमेकांच्या मालकांवर सारखीच फी बसवली तर सरासरी मालकाच्या खिशात काहीच उरत नाही. जे कधीच अदलाबदल करत नाहीत त्यांची चंगळ होते आणि ज्यांनी मुळात फिरण्यासाठीच टाइमशेअर घेतला ते भरत राहतात.

ही फी टाइमशेअरने शोधली असे मात्र नाही. ती अमेरिकी हॉटेलांकडून आली. खोलीचे भाडे जाहिरातीत कमी दाखवायचे आणि उरलेले रिसॉर्ट फी म्हणून काउंटरवर वसूल करायचे, ही चाल तिथे १९९०च्या दशकात रुजली. प्रवास संकेतस्थळांवर दर शोधणाऱ्याला स्वस्त हॉटेल आधी दिसते, म्हणून भाडे जितके कमी दाखवावे तितके बरे, आणि संकेतस्थळाला दलाली द्यायची तीही पूर्वी भाड्यावरच, फीवर नाही. लास व्हेगासच्या सीझर्स कंपनीने काही वर्षे ‘आमच्याकडे रिसॉर्ट फी नाही’ अशी जाहिरात केली. प्रतिस्पर्ध्यांची कमाई पाहून २०१३ साली त्यांनीही ती सुरू केली. प्रामाणिक दुकानदाराला बाजार कसा वळणावर आणतो, ते इथे दिसते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ साली याच फीबद्दल बावीस हॉटेलचालकांना पत्रे धाडली होती. २०१७च्या जानेवारीत आयोगाच्या अर्थविभागाने अहवाल काढला, त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एकूण किंमत आधी न सांगता सक्तीची फी वेगळी काढली तर ग्राहकाचे नुकसान होण्याचाच संभव अधिक, कारण शोधाशोध आणि बेरजा यांचा भार त्याच्यावर पडतो. शेवटी १२ मे २०२५पासून नियम लागू झाला. त्यानुसार अल्पमुदतीच्या निवासाची आणि कार्यक्रमांच्या तिकिटांची किंमत सांगताना सक्तीची फी धरून एकूण आकडाच ठळक दाखवावा लागतो. फी घेऊ नका असे हा नियम म्हणत नाही, लपवू नका एवढेच म्हणतो.

हॉटेलची ही सवय टाइमशेअरमध्ये शिरली ती एका साध्या वाटेने. बऱ्याच रिसॉर्टांत न विकलेले किंवा परत आलेले आठवडे हॉटेलसारखे भाड्याने दिले जातात. अशा भाडेकरूने रिसॉर्ट फी भरणे समजू शकते. त्याने देखभाल शुल्क कुठेच भरलेले नसते. पण काउंटरवर ‘मालक’ आणि ‘मालक नसलेले’ अशा दोनच रांगा असल्या की अदलाबदलीचा पाहुणा दुसऱ्या रांगेत ढकलला जातो. तोही मालकच आहे, फक्त दुसऱ्या रिसॉर्टचा, याची दखल घेणारी तिसरी रांग नसते. गंमत म्हणजे विक्रीच्या टेबलावर त्याच पाहुण्याला फार भाव असतो. एकदा टाइमशेअर घेतलेला माणूस पुन्हा घेण्याची शक्यता जास्त, म्हणून पार्किंगचा पास हातात ठेवता ठेवता त्याला उद्या सकाळच्या नव्वद मिनिटांच्या सादरीकरणाचे आमंत्रण मिळते, वर नाश्ता किंवा भेटकार्ड. फी घेताना परका आणि विकताना घरचा.

सगळ्याच जादा रकमांना मात्र एका काठीने हाणू नये. हवाईचे उदाहरण घ्या. तिथे १९९९पासून टाइमशेअरच्या मुक्कामावर राज्याचा निवास कर आहे. अदलाबदलीत भाडे नसतेच, मग कर आकारायचा कशावर? कायद्याने तोडगा काढला: त्या खोलीच्या रोजच्या देखभाल शुल्काचा निम्मा भाग हेच तिचे भाडे समजायचे. आठवड्याचे शुल्क २१०० डॉलर असेल तर दिवसाचे ३०० आणि करपात्र रक्कम १५०. राज्याचा दर सुरुवातीला ७.२५ टक्के होता, तो पायऱ्यापायऱ्यांनी १०.२५ झाला, २०२१नंतर काउंट्यांनी आपले ३ टक्के वर चढवले आणि २०२६पासून पर्यावरणाच्या नावाने राज्याचा दर ११ टक्क्यांवर गेला. एकूण १४ टक्के धरले तर वरच्या खोलीचे रात्रीमागे २१ डॉलर आणि आठवड्याचे १४७. काउंटरवर हे अंगावर येते, यात शंका नाही. पण हा कर स्वतःच्या आठवड्यात राहणाऱ्या मालकालाही आहे, त्याचे गणित कायद्यात लिहिलेले आहे आणि पैसा सरकारी तिजोरीत जातो. स्पेनच्या मायोर्का आणि शेजारच्या बेटांवर २०१६पासून असलेला पर्यटन कर किंवा कानकूनचे पर्यावरण शुल्क याच जातीचे. त्यांच्याबद्दल तक्रार करायची तर ती आमदाराकडे, रिसॉर्टकडे नव्हे.

मेक्सिकोची गोष्ट अगदी निराळी. कानकून आणि आसपासच्या कित्येक रिसॉर्टांत अदलाबदलीने खोली मिळते, पण सोबत ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ सक्तीचे असते: तिन्ही वेळचे जेवण, खाणेपिणे, दारू, सगळे, आणि तेही माणशी, रोजच्या हिशेबाने. दोन प्रौढांना प्रत्येकी रोज शंभर डॉलर धरले तर सात रात्रींचे १४०० होतात, मुलांचे वेगळे. म्हणजे अदलाबदलीचे शुल्क एकीकडे आणि त्याच्या पाच-सातपट रक्कम दुसरीकडे. खाणाऱ्यापिणाऱ्याला हा सौदा परवडतही असेल. पण ज्या घरात कुणी दारूला शिवत नाही, आजी चातुर्मास पाळते आणि मुलांना वरणभात हवा, त्या घराने लॉबस्टर आणि टकीलाचे पैसे का भरावेत? टाइमशेअरची खोली स्वयंपाकघरासकट मिळते, हॉटेलपेक्षा तिचे महत्त्व तेवढ्याचसाठी असते, आणि सक्तीच्या जेवणाने नेमकी तीच सोय निकामी होते. सगळ्या जादा आकारांत मला हा सर्वांत वाईट वाटतो. बाकीच्या फीत निदान खोलीचा उपयोग तरी शाबूत राहतो.

मग अदलाबदल कंपन्या हे थांबवत का नाहीत? आमच्यामार्फत येणाऱ्या सभासदावर जादा आकार लावू नका, अशी अट रिसॉर्टशी करार करताना घालणे त्यांना अशक्य नाही. पण त्यांचे खरे गिऱ्हाईक कोण, ते पाहायला हवे. नवा टाइमशेअर विकला जातो तेव्हा विकासकच त्या खरेदीदाराला आरसीआय किंवा इंटरव्हलचा सभासद करून देतो. सभासद येतात ते विकासकांच्या दारातून. शिवाय आज आरसीआय ही ‘ट्रॅव्हल अँड लेझर’ कंपनीच्या पोटात आहे आणि इंटरव्हल २०१८पासून ‘मॅरियट व्हेकेशन्स वर्ल्डवाइड’च्या. दोघीही स्वतःच टाइमशेअर विकतात आणि रिसॉर्ट चालवतात. पंच आणि खेळाडू एकाच घरातले असले की नियमावलीत बारीक अक्षरांची चलती होते. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात ‘सक्तीचे आकार’ असा एक कप्पा असतो, फी तिथे छापलेली असते, आणि छापली म्हणजे सांगितली, असा कंपन्यांचा पवित्रा.

युरोपीय संघाचा २००८चा निर्देश या बाबतीत जरा पुढे गेला. टाइमशेअर विकण्यासोबतच अदलाबदलीचा करारही त्याने कायद्याच्या कक्षेत आणला. ठरलेल्या नमुन्यात खर्चाची माहिती आधी लेखी द्यायची, चौदा दिवसांत कारण न देता करार मोडायची मुभा ठेवायची आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायचे नाहीत, असे त्याने घालून दिले.

आपल्याकडे टाइमशेअर १९८६च्या स्टर्लिंगपासून आणि १९९६ साली सुरू झालेल्या महिंद्रच्या क्लबपासून घरोघर पोचला. गोव्यात कळंगुटच्या रस्त्यावर स्क्रॅच कार्ड हातात देणारी, ‘अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलं’ म्हणणारी पोरे ज्याला भेटली आहेत, त्याला या धंद्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. भारतीय टाइमशेअर बहुतेक वापरहक्काचे असतात. जागा कंपनीची, तुम्हाला पंचवीस वर्षे किंवा ठरलेल्या मुदतीत, हंगामाला दिलेल्या रंगानुसार राहायचा हक्क. त्यामुळे संघटना, सभा, मत हा प्रकार इथे घरच्या सभासदालाही नाही. वार्षिक शुल्क कंपनी ठरवते. इथला सभासद आरसीआयमार्फत परदेशी गेला की तो दोन्हीकडे बिनमताचा.

कायद्याच्या बाजूने आपण अगदीच मागे नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या, फसव्या ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. किंमत थेंबथेंब उघड करत नेण्याची युक्ती त्यात नावानिशी आहे. उपाहारगृहांनी बिलात सेवाशुल्क आपोआप जोडू नये, ही याच प्राधिकरणाची २०२२ची भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी उचलून धरली. ऑर्लँडोच्या काउंटरवर यातले काही कामाचे नाही. पण इथल्या कंपनीने इथल्या सभासदाला अदलाबदल विकताना परदेशातले सक्तीचे आकार सांगितले नाहीत, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

प्रश्न विचारायची वेळ मात्र आरक्षण पक्के करण्याआधीची. एकदा अदलाबदल झाली की आठवडा परत मिळवणे कटकटीचे आणि शुल्क बहुधा बुडालेले. फी रात्रीमागे की मुक्कामामागे, खोलीमागे की माणशी, कर धरून की वगळून, एवढे रिसॉर्टला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे, कारण माहितीपत्रकातला आकडा कधीकधी जुना असतो. भारतातून आलेल्या आईवडिलांना मुलगा आपल्या नावावरच्या आठवड्यात पाठवणार असेल, तर पाहुण्याच्या नावाचे प्रमाणपत्र लागते, त्याचेही पैसे वेगळे. आणि फी काउंटरवर कार्डाने भरायची असेल तर कार्ड आईवडिलांच्या हातात असले पाहिजे, मुलाच्या खिशात ते असून उपयोग नाही.

मग बेरीज करावी. वर्षाचे देखभाल शुल्क १०००, कंपनीची वर्गणी १००, अदलाबदल ३००, रिसॉर्ट फी रात्रीमागे २५ प्रमाणे १७५. एकूण १५७५ डॉलर, म्हणजे रात्र २२५ला पडली. हाच आठवडा त्याच रिसॉर्टमध्ये रोखीने काय भावाने मिळतो, ते त्याच दिवशी पाहता येते. खुद्द आरसीआय आणि इंटरव्हल उरलेले आठवडे सभासदांना रोख रकमेत देतात आणि हंगाम नसला की ते पुष्कळदा देखभाल शुल्कापेक्षाही स्वस्त असतात. रिसॉर्ट फी तिथेही सुटत नाही. पण स्वतःचा आठवडा तरी खर्ची पडत नाही, तो भावाबहिणीला वापरायला देता येतो किंवा भाड्याने लावता येतो.